संचालक किंवा कर्मचारी कंपनीचा विश्वास मोडतात तेव्हा: पुराव्यापासून न्यायाधिकरणापर्यंतची वाट

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एक छोटी खासगी कंपनी डोळ्यांसमोर आणा. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील एकही गोष्ट अनोळखी वाटणार नाही. तीन मित्रांनी मिळून काढलेली ही कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते आणि तिघेही तिचे संचालक आहेत. खरेदी पाहणाऱ्या संचालकाच्या पत्नीच्या नावाने दोन वर्षांपूर्वी एक व्यापारी पेढी निघाली. तेव्हापासून कंपनीला लागणारे पोलाद त्या पेढीमार्फत, बाजारभावापेक्षा किलोमागे चार रुपये चढ्या दराने येऊ लागले. इकडे विक्री व्यवस्थापक राजीनाम्याच्या तयारीत आहे आणि ग्राहकांची यादी व दरपत्रके त्याने स्वतःच्या खासगी मेलवर पाठवून ठेवली आहेत. उरलेल्या दोन संचालकांना हे एकाच आठवड्यात कळते. संतापाच्या भरात ते व्हॉट्सॲपच्या गटावर आरोप करतात आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाणे गाठतात. तेवढ्या अवधीत संगणकावरील फायली पुसल्या जातात, पेढीचे हिशेब नव्याने लिहिले जातात आणि दोन वर्षांचा व्यवहार सिद्ध करण्याची वाट बिकट होते.

अशा प्रकरणात कायदा बहुतेक वेळा कंपनीच्या बाजूने पुरेसा भक्कम असतो. प्रकरण कोलमडते ते पावलांचा क्रम चुकल्यामुळे. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. तो भारतीय कायद्यापुरता, मुख्यतः कंपनी कायदा, २०१३ च्या चौकटीत आहे. प्रत्यक्ष दावा दाखल करताना वकील आणि कंपनी सेक्रेटरी सोबत हवेतच. परंतु त्यांच्याकडे जाण्यापूर्वी काय करायचे आणि काय टाळायचे, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

पहिली पायरी: कर्तव्य कोणाचे आणि कोणाप्रती, हे निश्चित करणे

दुसऱ्याची मालमत्ता किंवा हित ज्याच्या हाती विश्वासाने सोपवलेले असते, त्याने स्वतःचा लाभ बाजूला ठेवून ते सांभाळावे, या बंधनाला विश्वासाश्रित कर्तव्य म्हणतात. वकिलांच्या बोलण्यात त्याचे नाव ‘फिड्युशिअरी ड्यूटी’. संचालकांच्या बाबतीत हे कर्तव्य कंपनी कायद्याच्या कलम १६६ मध्ये लिखित आहे. संचालकाने कंपनीच्या नियमावलीप्रमाणे वागावे, सद्भावनेने सर्व सभासदांच्या, म्हणजे भागधारकांच्या, हितासाठी काम करावे, वाजवी काळजी व कौशल्य वापरून स्वतंत्र बुद्धीने निर्णय घ्यावा, कंपनीच्या हिताशी ज्याचे हित भिडते किंवा भिडू शकते अशा स्थितीत स्वतःला गुंतवू नये, आणि स्वतःसाठी वा नातेवाईक, भागीदार, सहयोगी यांच्यासाठी गैरवाजवी लाभ मिळवू नये. असा लाभ मिळवल्याचे ठरल्यास तेवढी रक्कम कंपनीला भरून द्यावी लागते. शिवाय कलमाच्या भंगाबद्दल एक लाख ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

कायद्याचा आधार घेणाऱ्याने इथेच एक गोष्ट मनात पक्की करावी. हे कर्तव्य कंपनीप्रती असते, एकेका भागधारकाप्रती नव्हे. संग्रामसिंह गायकवाड विरुद्ध शांतादेवी गायकवाड या २००५ मध्ये प्रकाशित निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला आहे. विशेष परिस्थितीत संचालकाचे भागधारकाशी स्वतंत्र विश्वासाचे नाते निर्माण होऊ शकते, पण तो अपवाद आहे आणि तो मांडून सिद्ध करावा लागतो. ‘माझे पैसे बुडाले’ आणि ‘कंपनीचे पैसे बुडाले’ या दोन तक्रारींचे मार्ग वेगळे आहेत. आपल्या उदाहरणात पोलादाचे चढे दर कंपनीने मोजले, म्हणून मागणी कंपनीच्या नावाने किंवा कंपनीसाठी व्हायला हवी. याउलट, संचालकाने स्वतःलाच नवे शेअर देऊन तुमचा हिस्सा खाली आणला असेल, तर घाव थेट तुमच्या हक्कावर आहे. डेल अँड कॅरिंग्टन विरुद्ध पी. के. प्रथापन या निकालात हेच घडले होते. परदेशात राहणाऱ्या भागधारकाने पैसा घातला आणि इथे कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापकीय संचालकाने स्वतःला जादा शेअर देऊन बहुमत मिळवले. शेअर वाटपाचा अधिकारही विश्वासाने मिळालेला असतो आणि तो स्वतःचे नियंत्रण पक्के करण्यासाठी वापरता येत नाही, असे ठरवून न्यायालयाने ते वाटप टिकू दिले नाही. गावाकडच्या किंवा भावाबंदांच्या कंपनीत पैसे गुंतवून परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी हा निकाल आवर्जून लक्षात ठेवावा.

कर्मचाऱ्यांचे बंधन वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते. प्रत्येक कर्मचारी संचालकाइतका विश्वस्त नसतो. त्याचे बंधन नेमणूकपत्र, सेवानियम आणि करार यांतून येते, आणि तो कंपनीच्या वतीने व्यवहार करत असेल, म्हणजे खरेदी, विक्री, वसुली पाहत असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ मधील प्रतिनिधीविषयक कलमेही लागू होतात. कलम २१३ नुसार त्याने हिशेब द्यावा लागतो. कलम २१६ नुसार मालकाला न कळवता स्वतःच्या नफ्यासाठी व्यवहार केला, तर तो लाभ मालक मागू शकतो. या सगळ्याहून नेमके कलम म्हणजे भारतीय न्यास कायदा, १८८२ चे कलम ८८. त्यात प्रतिनिधी, भागीदार, कंपनीचा संचालक आणि विश्वासाच्या नात्याने बांधलेली इतर कोणतीही व्यक्ती यांचा उल्लेख आहे. आपल्या स्थानाचा उपयोग करून त्यांनी मिळवलेला आर्थिक लाभ त्यांनी ज्याच्या हितासाठी बांधील आहेत त्याच्यासाठीच धारण करायचा असतो. जवळपास दीडशे वर्षे जुने हे कलम आजही मागणीचा कणा आहे, आणि नोटिसांमध्ये ते क्वचित दिसते याचे मला वाईट वाटते.

दुसरी पायरी: घडलेली गोष्ट कोणत्या साच्यात बसते ते पाहणे

‘विश्वासघात केला’ एवढे वाक्य न्यायाधिकरणापुढे, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, उपयोगाचे नाही. घडलेली प्रत्येक गोष्ट वेगळी करून तिच्यासमोर कलम लिहावे.

हितसंबंध लपवणे हा पहिला प्रकार. कलम १८४ नुसार प्रत्येक संचालकाने आर्थिक वर्षातील पहिल्या बैठकीत आपले हितसंबंध एमबीपी-१ या नमुन्यात जाहीर करायचे असतात. स्वतःचे हित असलेला करार मंडळापुढे आला, तर ते उघड करावे लागते. खासगी कंपनीत हे हित आधी उघड केल्यावर संबंधित संचालकाला चर्चेत भाग घेता येतो, अशी सवलत २०१५ च्या अधिसूचनेने दिली आहे. मात्र सवलत उघड करण्यापासून दिलेली नाही. हित न सांगता केलेला करार कंपनीच्या इच्छेनुसार रद्द करता येतो, आणि कलम १६७ नुसार अशा संचालकाचे पदही रिक्त होते.

संबंधित पक्षाशी व्यवहार हा दुसरा प्रकार, आणि आपल्या उदाहरणातील पत्नीची पेढी यातच येते. कलम १८८ नुसार अशा खरेदीला मंडळाच्या बैठकीतील ठराव लागतो, आणि रक्कम उलाढालीच्या दहा टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर भागधारकांचा ठरावही लागतो. नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात आणि परक्या माणसाशी व्हावा तशा दराने झालेला व्यवहार यातून सुटतो. म्हणून समोरचा पक्ष बहुधा असे म्हणेल की, पोलाद तर रोजच लागते आणि दरही बाजाराचाच होता. त्यामुळे त्याच दिवसांची इतर पुरवठादारांची दरपत्रके हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद ठरतो. ठरावाशिवाय झालेला व्यवहार तीन महिन्यांत मंजूर करून घेतला नाही, तर तो रद्द करता येतो. तो करणाऱ्या संचालकाकडून किंवा कर्मचाऱ्याकडून नुकसान वसूल करण्याचा अधिकारही याच कलमात आहे.

कंपनीची संधी पळवणे हा तिसरा प्रकार. यासाठी इंग्लंडमधला १९७२ चा कूली खटला आजही सांगितला जातो. एका कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला गॅस मंडळाने खासगीत कळवले की, काम कंपनीला नको, तुम्हाला वैयक्तिकरीत्या द्यायचे आहे. त्याने प्रकृतीचे कारण सांगून नोकरी सोडली आणि ते काम घेतले. ते काम कंपनीला मिळण्याची शक्यता फारच कमी होती, तरीही न्यायालयाने त्याला सगळा नफा कंपनीला द्यायला लावला. कॅनडातून प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या लंडनमधील अंतिम अपील न्यायालयापुढे, गेलेल्या १९१६ च्या कुक विरुद्ध डीक्स या प्रकरणात तीन संचालकांनी रेल्वेचे कंत्राट कंपनीऐवजी स्वतःच्या नावावर घेतले आणि मग आपल्याच मतांच्या जोरावर सर्वसाधारण सभेत त्याला मान्यता मिळवली. कंपनीची मालमत्ता स्वतःलाच भेट देण्यासाठी बहुमत वापरता येत नाही, असे ठरले. हे निकाल भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण युक्तिवादात त्यांचे वजन असते.

छुपे कमिशन, कंपनीच्या खर्चाने खासगी कामे, गोपनीय माहितीचा वापर, कंपनीच्या वस्तू अडवून ठेवणे, हे उरलेले प्रकार. शेवटच्या प्रकारासाठी कलम ४५२ आहे. कंपनीची मालमत्ता बेकायदा अडवणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध किंवा कर्मचाऱ्याविरुद्ध कंपनी, सभासद किंवा धनको तक्रार करू शकतो.

तिसरी पायरी: पहिल्या पंधरा दिवसांत पुरावा सुरक्षित करणे

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. संशय आल्याच्या दिवसापासून सुमारे पंधरा दिवस कोणावरही आरोप न करता, नोटीस न पाठवता, शक्य तितक्या कमी लोकांना सांगून फक्त कागद गोळा करावेत.

सुरुवात सर्वांसाठी खुल्या असलेल्या नोंदींपासून करावी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकाच्या ओळख क्रमांकावरून तो आणखी कोणकोणत्या कंपन्यांत आहे ते दिसते आणि नाममात्र शुल्क भरून त्या कंपन्यांची वार्षिक विवरणे पाहता येतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर पुरवठादाराचा क्रमांक टाकला की, पेढीचे कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि मालकीचा प्रकार कळतो. एकल मालकीच्या पेढीत कायदेशीर नाव म्हणजे मालकाचेच नाव. ‘अमुक ट्रेडर्स’च्या फलकामागे कोण आहे, हा प्रश्न इथे पाच मिनिटांत सुटू शकतो.

त्यानंतर कंपनीचे स्वतःचे दफ्तर. खरेदी आदेश, बीजके, ई-वे बिले, माल आवक नोंदी, वजनकाट्याच्या पावत्या आणि बँकेची खातेउतारे एकमेकांशी ताडून पाहावीत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारी सोय असणे आणि ती कोणालाही बंद करता न येणे नियमाने बंधनकारक आहे. जुनी नोंद नंतर कोणी आणि कधी बदलली, हे या नोंदवहीतून कळते. ती सर्वप्रथम उतरवून घ्यावी.

संगणकीय पुराव्याबाबत हलगर्जीपणा महाग पडतो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, मूळ उपकरणच न्यायालयात सादर होत नसेल, तर संगणकीय नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तिथल्या नमुन्यात उपकरण सांभाळणारी व्यक्ती आणि तज्ज्ञ अशा दोघांची विधाने लागतात, तसेच फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलीत जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, नोंदवावे लागते. म्हणून विक्री व्यवस्थापकाचा कंपनीचा लॅपटॉप स्वतः उघडून चाळू नका. उघडताच फायलींच्या तारखा बदलू शकतात आणि ‘तुम्हीच फेरफार केला’ असे म्हणायला वाव मिळतो. न्यायवैद्यक तज्ज्ञाकडून त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत दोन साक्षीदारांसमोर करून घ्यावी, पंचनाम्यासारखी लेखी नोंद ठेवावी आणि मूळ उपकरण मोहोरबंद करून ठेवावे. मेल सर्व्हरवर जुने संदेश आपोआप पुसले जाण्याची सोय असेल, तर ती थांबवावी.

एक मर्यादा मात्र ओलांडू नये. कंपनीची उपकरणे आणि कंपनीचा मेल तपासणे वेगळे. कर्मचाऱ्याच्या खासगी मेलमध्ये जतन राहिलेला पासवर्ड वापरून शिरणे वेगळे. दुसऱ्या कृत्याने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तुमच्यावरच कारवाई होऊ शकते.

आता अधिकारांचा प्रश्न. तुम्ही संचालक असाल तर कलम १२८ नुसार हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि कंपनीने त्या किमान आठ आर्थिक वर्षे जपायच्या असतात. प्रवेश नाकारला गेला, तर लेखी मागणी करून नकाराचाच पुरावा तयार करावा. तुम्ही केवळ भागधारक असाल तर चित्र अरुंद आहे. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, सभासदांची नोंदवही, वार्षिक विवरणे, लेखापरीक्षित ताळेबंद आणि कलम १८९ खालील हितसंबंधी करारांची नोंदवही तुम्ही मागू शकता. संचालक मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त मागण्याचा हक्क भागधारकाला नाही. तो कागद न्यायाधिकरणाच्या आदेशानेच मिळवावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे भागधारक महिनोन्‌महिने चुकीचे अर्ज करत राहतात.

चौथी पायरी: कंपनीच्या आतली कारवाई

पुरावा हाती आल्यावर संचालक मंडळाची बैठक बोलवावी. सात दिवसांची लेखी नोटीस प्रत्येक संचालकाला द्यावी लागते, ज्याच्यावर संशय आहे त्यालाही. त्याला वगळून घेतलेली बैठक ही त्याच्या हाती दिलेली ढाल ठरते. बैठकीत चार ठराव मिळवण्याचा प्रयत्न करावा: बाहेरच्या सीएकडून स्वतंत्र तपास, बँक व्यवहारांसाठी दोन सह्यांची अट, संबंधित पेढीचे उरलेले देयक रोखणे, आणि कायदेशीर कारवाईसाठी एका नावाला अधिकार. शेवटच्या ठरावाशिवाय कंपनीच्या नावाने दाखल केलेला दावा पहिल्याच हरकतीत अडकू शकतो.

वैधानिक लेखापरीक्षकालाही लेखी कळवावे. कलम १४३ नुसार कंपनीत अधिकारी किंवा कर्मचाऱ्याने घोटाळा केल्याचे मानण्यास त्याला सबळ कारण दिसले, आणि रक्कम एक कोटी रुपये किंवा अधिक असेल, तर त्याने केंद्र सरकारला कळवणे बंधनकारक आहे. त्याहून कमी रकमेसाठी मंडळाला किंवा लेखापरीक्षण समितीला कळवावे लागते.

संचालकाला पदावरून काढायचे असेल तर कलम १६९ चा मार्ग आहे. साधा ठराव पुरतो, पण विशेष नोटीस लागते. ती सभेच्या किमान चौदा दिवस आधी द्यायची असते आणि संबंधित संचालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. मंडळ सभा बोलवत नसेल तर मतदानाच्या हक्काचे एक दशांश भांडवल असलेले सभासद कलम १०० खाली मागणी करू शकतात. मंडळाने मागणी मिळाल्यापासून एकवीस दिवसांत सभा बोलावली पाहिजे आणि ती पंचेचाळीस दिवसांच्या आत झाली पाहिजे. तसे न झाल्यास मागणी करणारेच तीन महिन्यांत सभा घेऊ शकतात. टाटा आणि मिस्त्री यांच्या वादात मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पदावरून काढणे हीच गोष्ट दडपशाही, म्हणजे कंपनीच्या कारभारातून सभासदांवर होणारा अन्याय, ठरत नाही. तरीही तीन मित्रांच्या, भागीदारीसारख्या चालणाऱ्या कंपनीत काढला गेलेला संचालक न्यायाधिकरणात जाण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे पदच्युती घाईने करू नये. आधी पुरावा आणि पैसे सुरक्षित करावेत.

पाचवी पायरी: कर्मचाऱ्याचा विषय वेगळा हाताळणे

विक्री व्यवस्थापकाला ताबडतोब काढून टाकण्याचा मोह आवरावा. आधी त्याचे ग्राहक यादी आणि दरपत्रके यांवरचे प्रवेशाधिकार बंद करावेत, मग सेवानियमांप्रमाणे निलंबन, कारणे दाखवा नोटीस आणि खातेनिहाय चौकशी असा क्रम ठेवावा. आरोपपत्रात ‘गैरवर्तन केले’ असे मोघम न लिहिता अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक नावाची फाइल अमुक पत्त्यावर पाठवली, असे लिहावे. बडतर्फीनंतर आणखी गैरप्रकार सापडले तर तेही आधीच्या बडतर्फीच्या समर्थनासाठी मांडता येतात, असा जुना नियम १८८८ च्या अ‍ॅन्सेल या इंग्रजी प्रकरणापासून चालत आला आहे. भारतात औद्योगिक कामगाराच्या बाबतीत मात्र रीतसर चौकशी टाळता येत नाही.

नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नये, अशी अट बहुतेक नेमणूकपत्रांत असते आणि बहुतेक मालक तिच्यावर नको इतके विसंबतात. करार कायद्याच्या कलम २७ नुसार व्यवसायाला बंदी घालणारा करार निरर्थक असतो. कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातील शिफ्ट पर्यवेक्षकाशी संबंधित निरंजन शंकर गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरते असे बंधन मान्य केले. तो कर्मचारी पाच वर्षांच्या कराराची मुदत संपण्यापूर्वीच कोटा येथील स्पर्धक कारखान्यात गेला होता. १९८० च्या सुपरिन्टेन्डन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई या प्रकरणात मात्र नोकरी संपल्यानंतरचे बंधन टिकले नाही. म्हणून मागणी ‘तिथे काम करू नये’ अशी न ठेवता, ‘आमची गोपनीय माहिती वापरू नये, परत करावी आणि कोणाकोणाला दिली ते प्रतिज्ञापत्रावर सांगावे’ अशी ठेवावी. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे माहिती खरोखर गोपनीय होती हे कंपनीलाच दाखवावे लागते. जी यादी कार्यालयातील प्रत्येकाच्या संगणकावर विनापासवर्ड पडून होती, तिला न्यायालयात गुपित म्हणणे कठीण आहे.

सहावी पायरी: दाद कुठे मागायची

मंडळात तुमचे बहुमत असेल तर कंपनी स्वतः दिवाणी न्यायालयात दावा करू शकते. हिशेब, नफ्याची परतफेड, नुकसानभरपाई आणि तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. पुरावा नष्ट होण्याची खरी भीती असेल तर कोर्ट कमिशनर नेमून जागेवरील कागद व उपकरणांची यादी करून घेण्याचीही विनंती करता येते. गैरव्यवहार करणाऱ्यांच्याच हाती मंडळ असेल, तर कंपनीच्या वतीने भागधारकाने दावा लावण्याची, म्हणजे डेरिव्हेटिव्ह दाव्याची, वाट आहे. कंपनीचे नुकसान झाल्यास कंपनीनेच दावा करावा, हा १८४३ च्या फॉस विरुद्ध हारबॉटल या इंग्रजी खटल्यातला नियम. त्याचा हा अपवाद.

व्यवहारात मात्र छोट्या कंपन्यांचे बहुतेक वाद राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत जातात. महाराष्ट्रातील कंपन्यांसाठी त्याचे मुंबई खंडपीठ आहे. कलम २४१ खाली दडपशाही आणि गैरव्यवस्थापन यांविरुद्ध अर्ज करण्यासाठी, भांडवल असलेल्या कंपनीत, शंभर सभासद किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश, यांपैकी जे कमी असेल ते, किंवा भांडवलाचा एक दशांश हिस्सा हवा. आपल्या उदाहरणात तिघांपैकी प्रत्येक जण एकटाही पात्र आहे. हिस्सा त्याहून कमी असेल तर ही अट शिथिल करण्याचा अर्ज करता येतो. कलम २४२ ने न्यायाधिकरणाला दिलेले अधिकार विस्तृत आहेत: करार संपवणे, संचालकाला दूर करणे, त्याने मिळवलेला गैरवाजवी लाभ वसूल करणे, एका गटाचे शेअर दुसऱ्याने विकत घ्यावेत असा आदेश देणे आणि तोवर अंतरिम आदेशाने कारभार सावरून धरणे. अर्जासोबतच अंतरिम मागणी करावी. अंतिम निकालाला किती काळ लागेल याची खात्री नसते, आणि मधल्या काळात कंपनी रिकामी होऊ शकते. भागधारक करारात लवादाची तरतूद असली तरी खऱ्या दडपशाहीचे प्रकरण लवादाकडे पाठवता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये राकेश मल्होत्रा प्रकरणात सांगितले आहे. फक्त कराराच्या वादाला दडपशाहीचा वेश चढवून आणलेला अर्ज असेल तर गोष्ट वेगळी.

फौजदारी मार्गाबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण लोक आधी तिथेच धावतात. १ जुलै २०२४ नंतरच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६, म्हणजे फौजदारीपात्र न्यासभंग, लागू होते. नोकराने केला तर सात वर्षांपर्यंत, आणि प्रतिनिधी म्हणून केला तर आजीव किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. खोटे हिशेब लिहिण्यासाठी कलम ३४४ आहे. त्याआधीच्या कृत्यांना जुनी दंड संहिता लागू होते. दोन वर्षे चाललेल्या व्यवहारात तारखांप्रमाणे दोन्ही कायदे लागू शकतात, म्हणून तक्रारीत प्रत्येक व्यवहाराची तारीख हवी. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात बजावले की, त्याच वस्तुस्थितीवर फसवणूक आणि न्यासभंग हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत. फसवणुकीत लबाडीचा हेतू सुरुवातीपासून लागतो, न्यासभंगात मालमत्ता आधी विश्वासाने सोपवलेली असते. सापडतील ती सगळी कलमे एकाच तक्रारीत भरण्याची सवय यासाठी सोडावी. व्यापारी व्यवहारांच्या तक्रारीत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीला वाव असल्याचे २०१३ च्या ललिता कुमारी निकालात म्हटले आहे, त्यामुळे पोलीस किंवा आर्थिक गुन्हे शाखा आधी कागद मागेल, हे गृहीत धरून तयारीने जावे.

कंपनी कायद्याच्या कलम ४४७ मधील घोटाळ्याची शिक्षा सहा महिने ते दहा वर्षे कारावास आणि घोटाळ्याच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड अशी कडक आहे. त्यासाठी रक्कम किमान दहा लाख रुपये किंवा उलाढालीच्या एक टक्का, यांपैकी जी कमी असेल ती, लागते. मात्र या कलमाखाली खासगी व्यक्तीच्या तक्रारीवर न्यायालय दखल घेत नाही. गंभीर घोटाळे तपास कार्यालयाच्या संचालकाची किंवा केंद्र सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. तुम्ही कंपनी निबंधकाकडे कागदांसह तक्रार करून चौकशीची विनंती करू शकता.

सातवी पायरी: रक्कम नेमकी मांडणे आणि मुदत सांभाळणे

आपल्या कंपनीने महिन्याला २५ टन पोलाद घेतले असे धरू. किलोमागे चार रुपये जादा म्हणजे महिन्याला एक लाख आणि दोन वर्षांत चोवीस लाख रुपये कंपनीचे नुकसान. आता पेढीने तेच पोलाद गिरणीकडून बाजारभावापेक्षा किलोमागे दोन रुपये स्वस्त घेतले होते, असे कागदांतून निघाले, तर पेढीचा नफा किलोमागे सहा रुपये, म्हणजे छत्तीस लाख होतो. नुकसानभरपाई मागितली तर चोवीस लाखांचा विचार होईल; न्यास कायद्याचे कलम ८८ आणि कंपनी कायद्याचे कलम १६६ यांच्या आधारे लाभाची परतफेड मागितली तर मोजमाप छत्तीस लाखांचे होते, कारण तिथे प्रश्न कंपनीने काय गमावले हा नसून विश्वास सांभाळणाऱ्याने काय कमावले हा असतो. १९४२ च्या रीगल हेस्टिंग्ज या इंग्रजी निकालात संचालकांची नियत स्वच्छ असूनही पदामुळे मिळालेला नफा त्यांना परत करावा लागला. अर्जात दोन्ही मागण्या पर्यायी म्हणून लिहाव्यात, व्याजासह, आणि गणिताचा तक्ता सीएच्या सहीने जोडावा.

मुदतीच्या बाबतीत साधारण तीन वर्षांचा हिशेब धरावा. मुदत कायद्याच्या कलम १७ नुसार लबाडी लपवली गेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर जेव्हा कळू शकली असती तेव्हापासून, मुदत मोजली जाते. ‘तुम्ही दरवर्षी ताळेबंदावर सही केलीत, मग कळले नाही कसे?’ हा प्रश्न संचालकाला हमखास विचारला जातो. म्हणून गैरव्यवहार कधी, कसा आणि कोणत्या कागदावरून लक्षात आला, याची तारखेनिशी टिपणी पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. एनसीएलटीच्या आदेशावर अपील करायचे असल्यास आदेशाची प्रत मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवस असतात, आणि पुरेसे कारण दाखवल्यास आणखी पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते.

अशी बरीच प्रकरणे शेवटी तडजोडीत मिटतात आणि त्यात गैर काही नाही, परंतु तडजोड कागदावर पूर्ण असावी. रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकल्यास काय, संचालकपदाचा राजीनामा आणि त्याची निबंधकाकडे नोंद, शेअरची किंमत कोणत्या मूल्यांकनावरून ठरली, बँकेला दिलेल्या वैयक्तिक हमीतून कोण मोकळे होणार, गोपनीय माहिती परत केल्याचे प्रतिज्ञापत्र, हे सारे संमती अटींत लिहून न्यायाधिकरणाच्या आदेशात समाविष्ट करून घ्यावे. गुन्हा नोंदवला गेला असेल, तर तो दोघांच्या सहीने आपोआप मिटत नाही. तो रद्द करण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो, आणि शेवटचा हप्ता जमा होण्याआधी त्या अर्जाला संमती देऊ नये.